नानांच्या नावाची जाहिरात

धुळ्याच्या देवपुरात राहणाऱ्या दिपमालाची सकाळ लोकांची दुखणी वाचण्यात जाते. ती डॉक्टर नाही, नर्सही नाही. धुळ्या-जळगावातल्या काही दवाखान्यांच्या जाहिराती ती इंटरनेटवर चालवते. कुणी मोबाईलवर 'मुतखडा ऑपरेशन धुळे' असं शोधलं की सगळ्यात वर एका दवाखान्याचं नाव येतं आणि त्याच्याजवळ बारीक अक्षरांत 'प्रायोजित' लिहिलेलं असतं. ते नाव तिथे आपोआप येत नाही. कुणीतरी बसून ते तिथे चढवलेलं असतं. दिपमालाचं काम ते.

लोकांनी आदल्या दिवशी काय काय शोधलं ते तिला दिसतं. माणूस कोण, कुठला, ते कळत नाही, नुसते शब्द. 'पोटात उजव्या बाजूला दुखते'. 'लघवीत रक्त कॅन्सर असतो का'. 'आईची उलटी थांबत नाही काय करू'. 'ऑपरेशन न करता खडा'. चहा पिता पिता ती खाली खाली सरकत जाते. मग नको असलेले शब्द वगळायचे. 'फुकट', 'सरकारी', 'योजना', 'घरगुती उपाय'. हे शब्द टाकणाऱ्याला जाहिरात दिसायची नाही, कारण तो दवाखान्याच्या कामाचा नाही. सुरुवातीला एकेक शब्द वगळताना तिचा हात अडखळायचा. आता अडखळत नाही. नवरा भूषण कधी विचारतो, "काय आहे गं आज?" ती म्हणते, "तेच. सगळ्यांचं पोट दुखतंय."

तिचं माहेर पहूरचं. बारावी झाली, लग्न होऊन धुळ्याला आली, आणि भूषणच्या स्पेअर पार्टच्या दुकानातल्या नोकरीत भागेना म्हणून पाचकंदीलच्या मागच्या गल्लीत डॉ. ज्ञानेश्वर देसले यांच्या दवाखान्यात कामाला लागली. त्यांना सगळे नाना डॉक्टर म्हणत. दिपमाला बाहेरच्या टेबलावर बसून केसपेपर लिहायची, नंबर लावायची, भांडणं सोडवायची. साक्री, शिंदखेडा, पार अमळनेरकडची माणसं यायची. नाना पेशंटला आडवं करून डोळे मिटून पोटावर हात ठेवत, बोटं हळूहळू फिरवत आणि त्याच्याशी अहिराणीत त्याच्या म्हशीबद्दल बोलत. मधेच डोळे उघडून म्हणत, "आठे दुखस ना?" माणूस ओरडे. तेच ठिकाण असायचं.

करोनाच्या काळात दवाखाना बंद राहिला. नानांचं वय सत्तरीच्या पुढे गेलेलं, नाशिकला असलेल्या मुलीने त्यांना घराबाहेर पडू दिलं नाही. त्याच वेळी भूषणची भाची सारिका पुण्याहून परत आली होती. ती तिकडे जाहिरातींच्या कंपनीत होती आणि घरूनच काम करत होती. दिपमाला तिच्या शेजारी बसून भाजी निवडायची आणि स्क्रीनकडे बघायची. एके दिवशी सारिका म्हणाली, "मामी, लोक शोधताना 'युरोलॉजिस्ट' टाकत नाहीत. काय टाकत असतील?" दिपमाला म्हणाली, "मुतखड्याचा डॉक्टर." तिथून सुरुवात झाली. सारिका पुण्याला परत गेली तेव्हा इकडचे दोन-तीन दवाखाने मामीच्या हाती देऊन गेली. दवाखाना पुन्हा उघडला तेव्हा, परत येऊ का, असं दिपमाला नानांना विचारायला गेली, तर नाना म्हणाले, "तू तिकडंच राहा. इथं आता नंबर लावायला आहे कोण?"

साक्री रोडवर डॉ. श्रेयांस यांचं पोटविकार आणि मुतखड्याचं हॉस्पिटल झालं, तेव्हा त्यांचं काम दिपमालाकडे आलं. श्रेयांस हुशार, कमी बोलणारा, सदा झोप अपुरी राहिलेला माणूस. हॉस्पिटलचा कारभार मात्र त्याच्या वडिलांकडे. पारसमल काकाजींचा जन्म धान्याच्या पेढीवर गेलेला. मारवाडातून आलेल्या आजोबांनी उघडलेली ती पेढी त्यांनी मुलाच्या हॉस्पिटलपायी मोडली, आणि आता ते रिसेप्शनजवळच्या खुर्चीवर, जिथून येणारा-जाणारा प्रत्येक माणूस दिसतो तिथे बसत. किती पेशंट जाहिरातीवरून आले आणि किती ओळखीने, हे ते चेहऱ्यावरून सांगत आणि बहुधा बरोबर सांगत.

एका दुपारी त्यांनी दिपमालाला बोलावून घेतलं. मोबाईल तिच्यापुढे धरला.

"ताई, हे बघ. श्रेयांसचं नाव टाकलं. वर कोण आलं?"

वर जळगावच्या एका मोठ्या हॉस्पिटलची जाहिरात होती. श्रेयांसचं नाव तिच्या खाली.

"साक्रीचा पेशंट आपलं नाव टाकतो, वरचाच नंबर लावतो. ते म्हणतात, हो हो, या. बिचारा गाडी करून जळगावला पोचला! नाव आपलं आणि पेशंट त्यांचा?"

"कुणीही कुणाच्या नावावर जाहिरात लावू शकतं, काकाजी. जो जास्त पैशांची बोली लावेल तो वर."

"विचारावं लागत नाही?"

"नाही."

पारसमलनी मोबाईल खिशात ठेवला. राग गेला आणि त्याजागी धंद्याचा विचार आला, हे दिपमालाला समोर दिसलं.

"मग आपण पण लावू. नाना डॉक्टरच्या नावावर लाव. पोटाचे पेशंट सगळे त्याचेच. आणि तू तर तिथंच होतीस. लोक काय काय नावानं शोधतात ते तुझ्याशिवाय कोणाला माहीत?"

"काकाजी, नानांचं नको."

"का? त्याचं नुकसान काय? तो काय ऑपरेशन करतो?"

दिपमालाने श्रेयांसकडे पाहिलं. तो दारात उभा होता, हातात कुणाचा तरी एक्स-रे. त्याने तो उजेडाकडे धरला आणि म्हणाला, "थोडे दिवस बघू ताई." आणि आत गेला.

तिला वाद घालता आला असता. पण त्या महिन्यात जळगावचे दोन दवाखाने तिच्या हातून गेले होते, आणि खरं सांगायचं तर वाद घालायचीही ताकद लागते. जे शोधलं की हॉस्पिटलची जाहिरात वर यावी, ते शब्द तिने घरी येऊन भरले. नाना डॉक्टर. नाना डाक्टर पोटाचे. देसले डॉक्टर. पाचकंदील नाना दवाखाना. इंग्रजी अक्षरांतून लोक लिहितील तशी चुकीची स्पेलिंगसुद्धा. इतकी वर्षं ही नावं तिने लोकांच्या तोंडून ऐकली होती, तिला आठवावं लागलं नाही. जाहिरातीत लिहिलं, 'पोटाचं दुखणं? अनुभवी डॉक्टर, धुळे. आजच फोन करा.' त्यात खोटं काही नव्हतं. नानांचं नावही नव्हतं.

जाहिरात चालली. पारसमल खूश झाले. दिपमालाला ते 'आमची ताई' म्हणू लागले. ती पाचकंदीलवरून जायचं टाळू लागली. बाजारहाट देवपुरातच उरकायची.

उन्हाळ्यात एकदा ती हॉस्पिटलमध्ये नव्या मशीनचे फोटो घ्यायला गेली होती. रिसेप्शनसमोरच्या बाकावर एक म्हातारी बसलेली, शेजारी तिची सून. म्हातारीने दिपमालाकडे बघितलं आणि तिचा चेहराच उजळला.

"देख, देख!" ती सुनेला म्हणाली. "मी सांगं ना तुले! हाई पोरगी शे ना आठे. मंग हाऊच नानास्ना दवाखाना."

ती तानुबाई. साक्रीच्या बाजूची, दर पावसाळ्यात पोटाचं दुखणं घेऊन नानांकडे येणारी. दिपमालाने तिचे कितीतरी केसपेपर लिहिले होते.

"मावशी, तुम्ही इथं कशा?"

"सूननी मोबाईलमा नानास्नं नाव टाकं. फोन लावा, त्यास्नी बलावं." तानुबाईने वर छताकडे, काचेच्या दारांकडे पाहिलं. "सून म्हने, दवाखाना दुसरा दिखस. मी म्हनं, नानास्नी मोठा बांधा व्हई. आते तुले देखं, जीवले बरं वाटनं."

सून दिपमालाकडे बघत होती. तिला शंका होतीच, आणि ती शंका सासूच्या या एका ओळखीने मिटली होती. आतून नर्सने तानुबाईचं नाव पुकारलं, सोनोग्राफीसाठी.

दिपमाला म्हणाली, "मावशी, हा नानांचा दवाखाना नाही."

तानुबाईला ते कळायला वेळ लागला. "मंग तू आठे कसी?"

या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे होतं, पण एवढ्या माणसांत, त्या बाकापुढे उभं राहून देण्यासारखं नव्हतं. "चला," ती म्हणाली, "मी नेते नानांकडे." खुर्चीवरून पारसमल बघत होते. ती दोघींना घेऊन बाहेर पडली आणि रिक्षा केली.

गल्लीतला दवाखाना निम्म्या शटरवर होता. वाकून आत गेल्यावर अंधार, पंखा बंद. टेबलामागे नाना बसले होते, शर्टाची वरची गुंडी लावलेली, जणू कुणाची वाट बघत असावेत. बाहेरच्या तिच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं रचलेली होती.

"ये," नाना म्हणाले. जास्त काही विचारलं नाही. तानुबाईला बघून ते उठले, तिला आडवं व्हायला सांगितलं आणि पोटावर हात ठेवला. डोळे मिटले. दिपमाला भिंतीशी उभी राहिली. नानांची बोटं पूर्वीसारखी फिरत नव्हती. एकाच जागी दाबत होती, पुन्हा तिथेच. तानुबाई दुखत असून गप्प होती. तिला वाटत होतं, नाना आत्ता सांगतील.

नानांनी डोळे उघडले. "बाई," ते हळूच म्हणाले, "मन्हा हातले आते काहीच कळत नई."

"काय म्हनतस नाना?"

"साखरेनं बोटं बधिर झाली," ते दिपमालाकडे वळून म्हणाले. "दोन वर्षं होत आली. वही उचलली तरी हातात वही आहे की नाही ते बघावं लागतं."

तानुबाई उठून बसली. पदर सारखा केला. नाराज झाल्यासारखी दिसली, मग तिने नानांचा हात हातात घेतला आणि उगाच चोळत बसली. नाना तसेच उभे राहिले.

"हिला कुठून आणलं?" त्यांनी विचारलं.

दिपमालाने सांगितलं. श्रेयांसचं हॉस्पिटल, जळगावची जाहिरात, पारसमल, आणि शेवटी शब्द तिने स्वतःच्या हाताने भरले तेही. सून दारात उभी राहून ऐकत होती.

"माझ्या नावावर?" नाना म्हणाले.

"हो."

"मला कोणी विचारलं नाही."

"विचारावं लागत नाही नाना. तसा नियमच नाही."

नाना खुर्चीत बसले. रागावतील असं तिला वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "आमच्या वेळी शिकवायचे, डॉक्टरने जाहिरात करायची नसते. पाटी टांगायची, ती पण बेताची." त्यांनी तानुबाईकडे पाहिलं. मग, "हिला परत तिकडंच ने. सोनोग्राफी लागणारच आहे. पित्ताच्या पिशवीत खडे असतील, तो पोरगा हात चांगला चालवतो असं ऐकलंय."

"मंग आम्ही तठेच व्हतू ना," सून म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण उन्हातली ही फेरी कुणामुळे झाली ते त्यात होतं.

दिपमाला निघाली. नाना म्हणाले, "थांब. विचारावं लागत नाही म्हणालीस. मग माझ्या नावावर मी लावली तर?"

"तुम्ही?"

"मी तपासत नाही, एवढं लिही. माणूस एस.टी.ने दोन गाड्या बदलून येतो. दारात आल्यावर त्याला कसं सांगू, की जा? तोंड उघडत नाही माझं. मग उगाच पोटावर हात ठेवतो आणि सिव्हिलला पाठवतो. रोज हेच चाललंय. म्हणून शटर अर्धं. पूर्ण लावलं तर लोक उन्हात पायरीवर बसून राहतात." ते थांबले. "तू सांग त्यांना. घरून निघायच्या आधीच सांग."

तानुबाईचं ऑपरेशन श्रेयांसनेच केलं. ती बरी झाली. जाताना त्याला म्हणाली, "तू बी चांगला शे, पन म्हशीनं इचारत नई." त्याला ते कळलं नाही, पण तो हसला.

दिपमालाने आधी हॉस्पिटलच्या जाहिरातीच्या शब्दांतून नानांचं नाव काढलं, मग जाऊन पारसमलना सांगितलं. आणि नानांची जाहिरात आपण लावणार आहोत, तेही सांगितलं.

पारसमलना दुसरी गोष्ट जास्त लागली. "ताई, आमचं काम करतेस आणि आमच्याच समोर दुकान मांडतेस?"

"दुकान नाही काकाजी. येऊ नका, असं लिहिणार आहे."

"मग ते पेशंट येतील कुठे? आमच्याकडेच येऊ दे ना! वाईट काय आहे आमच्यात?"

"काहीच नाही. त्यांना माहीत असून यायला हवं, एवढंच."

पारसमल मुलाकडे वळले. श्रेयांस म्हणाला, "पापा, ताईंचं मला पटतं." मग क्षणभराने म्हणाला, "पण कामाचं तुम्ही ठरवा." पारसमलनी ठरवलं. आठवड्याच्या आत काम इंदूरच्या एका कंपनीकडे गेलं.

नानांच्या जाहिरातीसाठी तिने एका पानाची साधी वेबसाइट केली. त्यावर नानांचा फोटो टाकायचा होता, नाना नको म्हणाले. जाहिरात अशी होती: 'नाना डॉक्टर आता तपासत नाहीत. निघण्याआधी फोन करा.' खाली नंबर दिपमालाचा. इतक्या वर्षांत तिने लिहिलेली ही एकच जाहिरात अशी, जी बघून कुणी येऊ नये अशी तिची इच्छा होती.

काही दिवस ती सगळ्यात वर दिसली. मग इंदूरच्या कंपनीलाही कळलं की धुळ्यात हे नाव फार शोधलं जातं. त्यांनी नानांचं नाव पुन्हा लावलं, जास्त बोलीने. जळगाववाल्यांनीही लावलं. नाना डॉक्टर असं शोधलं की आधी जळगाव, मग श्रेयांस, आणि त्याखाली दिपमालाची ओळ. तिने एकदोनदा बोली वाढवून पाहिली, मग सोडून दिलं. एवढी ताकद तिची नव्हती.

तरी फोन येत. खाली सरकून वाचणारी माणसं असतात. "नाना शेतस का?" असाच सुरू होई फोन. "शेतस, पण तपासत नाहीत," ती सांगे. मग कसं झालं, कधीपासून, आता आम्ही कुठे जावं. शेवटचा प्रश्न तिने नानांना विचारून ठेवला होता. नानांनी सांगितलं होतं, काय दुखतंय ते विचार, ताप असेल, उलट्या असतील तर थांबू नका म्हण, जवळच्या सरकारी दवाखान्यात आधी जा म्हण. डॉक्टरचं नाव मात्र तू सांगू नको, तो तुझा अधिकार नाही. ती तेवढंच सांगे. पोळ्या करताना सांगे, बाजारात सांगे. कधी कंटाळून फोन उचलत नसे आणि मग घासभर जेवण झालं की परत लावे. भूषण म्हणायचा, "बंद कर आता, तुला कोण देतंय याचं?" ती म्हणे, "करते." करत नसे.

दिवाळीनंतर मुलगी येऊन नानांना नाशिकला घेऊन गेली. शटर पूर्ण खाली आलं. गल्लीतल्या लोकांनी पायरीवर कुंड्या मांडल्या, कुणी बसू नये म्हणून. फोन कमी होत गेले, आठवड्यात एखादा.

परवा एकाचा आला. आवाज म्हाताऱ्याचा, मागे ट्रॅक्टर चालू. तपासत नाहीत असं ती सांगू लागली तर तो म्हणाला, "ते माले माहित शे, आठे लिहेल शे ना. मी आजारी नई. नाना बरा शेतस का, एवढंच इचारनं व्हतं."

"बरे आहेत. नाशिकला असतात मुलीकडे."

"मंग ऱ्हावू द्या. राम राम सांगजा."

नाव न सांगता त्याने फोन ठेवला. दिपमालाने नानांना फोन लावून राम राम पोचवला. नानांनी विचारलं, कोण होता, कुठला. तिला सांगता आलं नाही. नाना थोडा वेळ आठवत बसले. एकदोन नावं घेतली, मग म्हणाले, "जाऊ दे. तुला जेवायची वेळ झाली असेल."

वेळ झालीच होती. पण मधे दोन वेळा पारोळ्याच्या एका दाताच्या डॉक्टरचा फोन येऊन गेला होता, त्याची जाहिरात सकाळपासून दिसत नव्हती. दिपमालाने ताट झाकून ठेवलं आणि आधी त्याला फोन लावला.